समोरचीने भरवलेला घास

काचवाल्याचं पोट कित्येक महिने दुखत होतं, पण तो त्याला दाद देत नव्हता. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा त्याचा धंदा, वय पन्नाशी ओलांडलेलं. दुकानात मोजपट्टीशेजारी जळजळीच्या गोळ्यांची बाटली कायम उभी. एक दिवस शिडीवर असताना अशी कळ आली की हातातलं तावदान सुटलं आणि खाली त्याचा चक्काचूर झाला. नशिबाने कोणाला लागलं नाही. पण ही बातमी त्याच्या थोरल्या बहिणीच्या कानावर गेली आणि तिने फर्मान काढलं.

"उद्या डॉक्टरकडे. मी बरोबर येणार. तू दारातूनच मागे फिरशील."

"ताई, अगं साधं पित्त आहे."

"पित्त मलाही आहे. मीपण तपासून घेते. चल."

ताई शाळेत भूगोल शिकवायची. तिच्यापुढे मुलांचं चालत नसे, तिथे भावाचं काय चालणार?

डॉक्टरीणबाई पोटात दुर्बीण घालून तपासायच्या आणि उरलेल्या वेळात पोटातल्या एका जंतूवर संशोधन करायच्या. दोघा भावंडांच्या पोटात तो जंतू निघाला. ताईच्या पोटात थोडी सूज, भावाच्या पोटात चांगला अल्सर. कॅन्सर नव्हता, एवढं ऐकून ताईने पदराने डोळे टिपले आणि लगेच भावावर खेकसली. नमुने अभ्यासासाठी ठेवून घेऊ का, असं बाईंनी विचारलं. दोघांनी हो म्हटलं. जंतू मारायची औषधं पूर्ण तपासणीनंतर द्यायची ठरली.

काही आठवड्यांनी बाईंनी दोघांना पुन्हा बोलावलं. टेबलावरचा चहा निवत चालला होता, पण बाई रंगात आल्या होत्या.

"हा जंतू जगात जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात असतो. बहुतेकांना कळतही नाही. पण याच्या काही जाती पोटाच्या पेशीला चिकटतात आणि सुई टोचावी तसं एक प्रथिन आत सोडतात. ते प्रथिन पेशीच्या कारभारात ढवळाढवळ करतं. आता गंमत अशी, की या प्रथिनाच्या शेपटीची घडण सगळीकडे एकसारखी नसते. आपल्याकडे एक प्रकार, दूर पूर्वेकडच्या देशांत दुसरा. तो पूर्वेकडचा जास्त चिवट. पेशीला घट्ट धरतो, त्रासही जास्त देतो. पोटाच्या कॅन्सरचा धोका त्याच्यात अधिक दिसतो."

"मग?" ताई म्हणाली.

"तुमचा जंतू इथला आहे. यांचा पूर्वेकडचा."

काचवाला हसला. "बाई, मी आयुष्यात बोटीत पाय ठेवलेला नाही."

"म्हणून तर विचारते. हा जंतू बहुतेक वेळा अगदी लहानपणी येतो, घरातल्या माणसांकडून, खास करून आईकडून. एका घरात वाढलेल्या भावंडांचे जंतू बहुधा एकमेकांचे नातलग निघतात. तुमच्या दोघांच्या जंतूंची ओळखदेखसुद्धा नाही. तुम्हाला लहानपणी कोणी दुसऱ्यांनी सांभाळलं होतं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिना उतरताना ताई पुटपुटली, "तुला दत्तक घेतलंय की काय?"

"आरशात बघ. दोघांचं नाक एकाच साच्यातलं आहे."

आई काचवाल्याकडेच राहायची. ऐंशीच्या पुढची, कानाने तिखट, जिभेने त्याहून तिखट. तिला हे सगळं सांगितल्यावर तिने हातातलं लोकरीचं विणकाम मांडीवर ठेवलं.

"समोरची," ती म्हणाली.

"कोण समोरची?"

"आपल्या जुन्या घराच्या समोरच्या दारात राहायची. तिचा नवरा गोदीत कामाला होता, तिकडून पूर्वेकडूनच आलेले दोघं. तू झालास आणि माझ्या छातीत आजार निघाला. मला लांब इस्पितळात ठेवलं, तान्ह्या पोराला जवळ ठेवायची मनाई. तुझे बाबा छापखान्यात दोन-दोन पाळ्या करायचे. ताईला मावशीने नेलं. पण तू पडलास अंगावर पिणारा. मावशीची स्वतःचीच चार होती. तेव्हा ही बाई आली आणि म्हणाली, माझी एक आहे, दोन होतील. तिची मुलगी तुझ्यापेक्षा जरा मोठी. दोघांना एका वाटीत जेवायला घालायची. घास आधी स्वतः चावायची, मऊ करायची, मग तुमच्या तोंडात."

"हे तू कधी सांगितलं नाहीस, आई."

"काय सांगायचं? मी वर्षाने परत आले तर तू मला ओळखेनास. मी उचललं की आकांत. समोरचीने घेतलं की गप्प. महिनाभर रात्रंदिवस तेच. बिचारी तीसुद्धा रडायची. मग गोदीने त्यांना बंदराजवळ घर दिलं, गेले ते." आईने विणकाम पुन्हा उचललं, पण टाके घातले नाहीत. "ते आठवलं की अजून पोटात तुटतं. म्हणून नाही बोलले."

काचवाल्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून हे कळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्या बाईंना आणि विशेषतः त्यांच्या मुलीला शोधा. एका वाटीतलं जेवण म्हणजे मुलीच्या पोटातही बहुधा हाच चिवट प्रकार असणार. तिला तपासायला हवं."

तोपर्यंत त्याला ही नुसती नवलाची गोष्ट वाटत होती. आता त्याला स्वस्थ बसवेना.

बंदराजवळ गोदीच्या निवृत्त कामगारांचा एक क्लब होता. ताई आणि तो तिथे गेले. पत्ते कुटत बसलेल्या म्हाताऱ्यांना ताईने पूर्वेकडून आलेल्या त्या कामगाराबद्दल वर्गात विचारावं तसं दरडावून विचारलं. एकाने पत्त्यांवरची नजर न काढता सांगितलं, "तो गेला की कधीच. बायको आहे. लेकीची लाँड्री आहे, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत. आता जाऊ द्या, माझा डाव लागलाय."

लाँड्रीत वाफ भरली होती. काउंटरमागची बाई चादरींना इस्त्री करत होती आणि मधूनच खिशातली गोळी काढून चघळत होती. ती गोळी काचवाल्याने लांबूनच ओळखली. खिडकीशी खुर्चीत एक सुरकुतलेली, चिमणीएवढी म्हातारी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती.

त्याने जुन्या घराचा पत्ता सांगितला, छापखान्यातल्या बापाचं नाव सांगितलं. म्हातारीचे हात थांबले. ती उठली, जवळ आली आणि त्याचा डावा कान ओढून कानामागे पाहिलं. तिथे तीळ होता.

"तू मोठी झाली," ती म्हणाली. या भाषेतलं लिंग तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. "केवढी मोठी झाली! टक्कल पण पडली!"

मुलीने इस्त्री उभी केली. "हा तो? आईच्या तोंडी रोज ज्या बाळाची एक तरी गोष्ट असते, ते बाळ हे?"

चहा झाला, हसणं झालं, रडणं झालं. मग येण्याचं कारण सांगायची वेळ आली आणि काचवाल्याने ताईकडे पाहिलं. ताईने सांगितलं, जमेल तितकं हळुवार. म्हातारी ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी तुला आजार भरवली?"

"असं नाही हो..."

"माझ्या तोंडातून. मऊ करून."

काचवाला तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. "तुम्ही नसता तर मी वर्षाचासुद्धा झालो नसतो. आजाराला गोळ्या आहेत, दोन आठवड्यांत जातो. भुकेला काय होतं? तुम्हाला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं."

म्हातारीने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. तिने लेकीकडे बोट केलं. "ही. ही रोज गोळी खाते. पाच वर्षं."

"आई, ॲसिडिटी कोणाला नसते? सोमवारी हॉटेलच्या चादरी द्यायच्या आहेत. मला मरायला फुरसत नाही."

"तेच म्हणतोय," काचवाला म्हणाला. "मीही असंच म्हणायचो, शिडीवरून पडेपर्यंत."

"तू कुठे पडलास? तावदान पडलं," ताई म्हणाली.

"ताई, आत्ता गप्प बस."

लाँड्रीवाली हसली, पण नाहीच म्हणाली. काचवाला पुन्हा गेला, तिसऱ्यांदाही गेला. एकदा तर चादरींच्या घड्या घालत बसला. अखेर म्हातारीने अभ्र्यांची टोपली बाजूला सारली आणि लेकीला सांगितलं, ती तपासायला जाईपर्यंत आपण जेवणार नाही. लेक दुसऱ्याच दिवशी गेली.

दुर्बिणीत तिच्या पोटात एक छोटासा चट्टा दिसला. तपासणीत कॅन्सर निघाला, पण अगदी वरच्या थरातला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोट फाडायची गरज नाही, नळीतूनच काढता येईल. वर्षभर उशीर झाला असता तर मात्र हे बोलणं वेगळं झालं असतं. काचवाला चट्टा काढायच्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसून होता आणि त्याच्या मांडीवर म्हातारीचा हात होता. तिला धीर द्यायला म्हणून तो आला होता, पण घाम त्यालाच फुटला होता. चट्टा पूर्ण निघाला.

मग चौघांनी मिळून औषधं घेतली: तो, ताई, लाँड्रीवाली आणि हट्टाने म्हातारीही. सगळ्यांच्या तोंडाला धातूची चव आली, सगळे कुरकुरले. एका संध्याकाळी काचवाला गोळी हातात घेऊन बसला होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तिने मला दिलेलं एवढंच उरलंय माझ्याकडे, असं वाटलं."

"अल्सर? अरे वेड्या, गीळ ती गोळी. ती बाई अख्खी जिवंत आहे, बंदराशी राहते, जाऊन भेट."

त्याने गोळी गिळली. पुढच्या तपासणीत चौघांचीही पोटं साफ निघाली.

आईला समोरचीला भेटायचं होतं, पण धीर होत नव्हता. दोनदा तयार होऊन तिने बेत मोडला. शेवटी समोरचीच आली, लेकीच्या टेम्पोतून, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. दोघी म्हाताऱ्या दारात एकमेकींकडे बघत राहिल्या.

"किती म्हातारी झालीस गं!" आई म्हणाली.

"तू पण," समोरची म्हणाली.

आईने तिला आत आणून खिडकीजवळ बसवलं. पोराकडे वळून म्हणाली, "तू बाहेर जा. आम्हाला बोलायचंय." तो बाहेर गेला आणि ओट्यावर बसला.  आतून आईचा आवाज आला, हळू, सलग, बराच वेळ. मधेच समोरची काहीतरी म्हणाली आणि दोघी एकदम हसल्या. कशावर, ते त्याला कोणी सांगितलं नाही. लाँड्रीवालीने टेम्पोतून दोन गठ्ठे खाली उतरवले, एकावर ती बसली आणि दुसरा तिने त्याच्याकडे सरकवला.