आकडेवाल्या पोरांना हाकला

धरणेंद्र आप्पांनी आयुष्यात बेसबॉलचं मैदान पाहिलं नव्हतं, पण अमेरिकेतल्या कुठल्या टीमला अक्कल नाही हे सांगलीत बसून त्यांना बरोबर कळायचं. हळदीच्या सौद्यात चाळीस वर्षं टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवलेला माणूस. नुसत्या बोटावरून समोरचा खरा का लबाड ते ओळखणार. असला माणूस काम सोडून रोज सकाळी टीव्हीपुढं ठाण मांडायला लागला, म्हणजे घरातल्या बाईनं जायचं कुठं?

कीर्तीबाई कुठंही गेल्या नाहीत. पोहे परतत सगळं ऐकायच्या. मॅच संपली की आप्पा मोबाईल तोंडाशी धरायचे आणि भावकीच्या चाळीस जणांच्या ग्रुपवर त्यांचं बातमीपत्र सुरू व्हायचं.

"ऐका मंडळी, रिव्हर हॉक्सचा आजचा तमाशा. आपला बेनिंग्टन, चेंडू टाकणारा, म्हंजे वाघ हाय वाघ. सहा डाव एकाला हलू दिला न्हाई. आन त्याला काढला भाईर! कुणी काढला? हापिसात कॉम्प्युटर घिऊन बसलेल्या शेंबड्यांनी. म्हणं आकडं सांगत्यात! आरं, आकडं काय चेंडू टाकत्यात व्हय रं? बेनिंग्टन गेला, त्याच्या जागी आलेल्या ठोंब्यानं होमरन खाल्ली, चेंडू पार मैदानाभाईर, संपलं. ह्या आकडेवाल्या पोरांना हाकला आदी!"

भावकी पटापट शाबासकीचे अंगठे पाठवायची. भावकीला काय जातंय? कडेगावच्या मेव्हण्याला बेसबॉल आणि विटीदांडू एकच.

कीर्तीबाईंचा मात्र जीव टांगणीला लागलेला. त्या शेंबड्यांतला एक त्यांच्या पोटचा होता.

अतिशय हे त्यांच्या पोराचं नाव. तो अमेरिकेत बँकेत लागला, तेव्हा आप्पांनी साऱ्या पेठेत पेढे वाटले होते. दोन वर्षांमागं त्यानं ती बँक सोडली आणि ह्याच रिव्हर हॉक्सच्या ऑफिसात आकडेमोडीच्या कामाला लागला. आईला तेवढं सांगितलं. "आप्पांना आत्ता सांगू नको. त्यांना आधी खेळाची गोडी लावतो, मग सांगतो." म्हणून त्यानंच टीव्हीवर मॅचची सोय करून दिली. शहाणा! गोडी लागली, आणि बाप रोज सकाळी नेमका त्याच्याच कामावर थुंकायला लागला. पोरगं ग्रुपवर सगळं ऐकायचं आणि गप्प बसायचं. आज सांगतो, उद्या सांगतो करत दुसरा हंगाम संपत आला. आणि यंदा टीम सारखी हरत होती. "आई, लोक आमच्या नावानं बोंब मारतायत. नोकरीचं काही खरं नाही," असं तो मागच्या आठवड्यात म्हणाला होता. आप्पांच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द आला की सांगून टाकीन, हेही म्हणाला. बरा शब्द! ह्या तोंडातून!

जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभर ज्याला ज्याला दुखावलं त्याच्यापुढं ह्या दिवशी हात जोडायचे. थोरानं लहानाला जोडायचे, सासूनं सुनेला जोडायचे, त्यात कमीपणा नाही. आप्पा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बस्तीत देवदर्शनाला निघायच्या तयारीत होते. जाता जाता मोबाईल चाळत होते.

"आवं," कीर्तीबाई म्हणाल्या, "आज त्या आकडेवाल्या पोरांचीबी क्षमा मागा."

"साऱ्या जगाची मागतो. सौद्यात ज्यांना ज्यांना गुंडाळलं त्यांचीबी मागतो. त्या पोरांची न्हाई." एवढं बोलून आप्पा एकदम उडालेच. "हाकललं! आगं, हाकललं शेवटी! क्लबनं समद्या आकडेवाल्यांना घरी घालवलं. बघ, हितं लिवलंय! शिरा कर, तूप सोडून!"

कीर्तीबाईंनी पोह्यांची कढई गॅसवरून उचलली. आप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी मोबाईल तोंडाशी धरला होता. "मंडळी, आज सोन्याचा दिवस! बिनकामाची पोरं गेली. असल्या पोरांना शिकवून आईबापांनी काय मिळवलं, त्यांचं त्यांना ठावं!" हातातली कढई ह्या माणसाच्या टाळक्यात घालावी, असं कीर्तीबाईंना वाटलं. आजच्या दिवशी असं मनात आणणं पाप, पण वाटलं खरं.

तेवढ्यात फोन वाजला. अतिशयचा. दर वर्षी ह्या दिवशी त्याचा फोन पहिला यायचा. आप्पांनी स्पीकर लावला.

"आप्पा, उत्तम क्षमा. वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर..."

"आरं, क्षमा, क्षमा! ते ऱ्हाऊ दे. बातमी ऐकलीस का? हाकललं त्यांना!"

"ऐकली. ग्रुपवर तुमचं बोलणं पण ऐकलं. दोन वर्षं रोज ऐकतोय. आप्पा, बेनिंग्टनचा खांदा दुखत होता. तो कुणाला सांगत नव्हता, पण चेंडूचा वेग उतरत होता, ते आकड्यांत दिसत होतं. त्याला काढा असं मीच म्हटलं. आज मलाही काढलं."

"तू? तू तर बँकेत..."

"बँक सोडून दोन वर्षं झाली, आप्पा. आईला माहीत आहे."

मघाच्या त्यांच्या बोलण्यावर भावकीचे अंगठे यायला लागले होते, हातातला फोन टिंग टिंग करत होता. पलीकडं पोरगं वाट बघत होतं. आप्पांनी कीर्तीबाईंकडं पाहिलं. चाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं, अगदी गयावया करून पाहिलं.

कीर्तीबाईंना दया आली नाही.

"माझ्याकडं काय बगताय?" त्या म्हणाल्या. "रोज चाळीस जणांस्नी ऐकवत हुता न्हवं? आता बोला की."