न ऐकलेली गाणी

यशोधरा मूळची शेवगावची, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. रॉक आणि पॉपवेड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा शब्द चालायचा, तो पुस्तकांच्या बाबतीत. कोणत्या गायकाचं आत्मचरित्र खरं, कोणतं दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, हे लोक तिलाच विचारत.

एकदा ग्रुपवर सोनईच्या रविराजचा मेसेज आला. त्याचं तिथं बी-बियाणांचं दुकान होतं. मेंदूज्वरातून तो वाचला, पण दोन्ही कान गेले होते. आता गाणी वाचायचीच उरलीत, तेव्हा पुस्तकं सुचवा, असं त्यानं लिहिलं होतं. बाकीच्यांनी भराभरा नावं पाठवली. यशोधरानं स्वतःची पुस्तकंच कुरिअरनं पाठवली. एक ड्रमरचं होतं, एक ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं. दोन्ही तिची लाडकी.

काही आठवड्यांनी तो पुस्तकं परत द्यायला नगरला आला. माळीवाडा स्टँडजवळच्या हॉटेलात दोघं बसली. ती मोबाईलवर लिहून दाखवायची, तो वाचून बोलायचा. आवाजाचा अंदाज राहिला नसल्यानं मोठ्यानं बोलायचा. शेजारची माणसं वळून बघायची. ते त्याच्या लक्षात आलं की तो एकदम गप्प व्हायचा.

पुस्तकं आवडली का, असं तिनं लिहिलं. चांगली आहेत, पण त्यातलं एकही गाणं आपण ऐकलेलं नव्हतं, असं तो म्हणाला. मग चहाचा कप बाजूला सारून हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, "ऐकलेली गाणी डोक्यात हायेत. पाहिजे तवा लावतो. न ऐकलेली कुठून आनू?"

यशोधरानं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"तुमचा आवाजबी त्यातच आला," तो म्हणाला, आणि सोनईची गाडी लागली का ते बघायला उठला.

सुप्याला परतताना तिनं कानात काही लावलं नाही. आपल्याला काय आवडतं ते सांगण्याच्या भरात त्याला काय आठवतं ते विचारायचंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. राहुरीला शिकताना हॉस्टेलवर एक अल्बम रोज लागायचा, असं त्यानं कळवलं. त्या एकाच अल्बमवर कुणी पुस्तक लिहिलंय का, याचा तिनं शोध सुरू केला. बरेच दिवस गेले. शेवटी पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मिळालं. ते तिनं लगेच पाठवून दिलं.

त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईल बघायची आणि पुन्हा खिशात ठेवायची. तो अल्बम तिनं आधी कधी मनापासून ऐकला नव्हता. आता रोज कंपनीच्या बसमध्ये ऐकायला लागली. हे गाणं त्याच्या डोक्यात कसं वाजत असेल, असं तिला वाटत राहायचं.

मग एका सकाळी मेसेज आला. पुस्तक संपू नये म्हणून रोज एकच पान वाचतोय, असं त्यात होतं. पुढं लिहिलं होतं, "तिसऱ्या गाण्याच्या शेवटी कुनीतरी खोकतं म्हनं. मी तर कधी ऐकलं न्हाई. खरंच हाय का?"

तिनं डोळे मिटून ऐकलं. होतं. गिटार थांबता थांबता, अगदी बारीक.

"आहे," तिनं लिहिलं. आणि खाली लिहिलं, "रविवारी सोनईला येऊ का?"

"या."

रविवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रविराजनं तिला स्टूल दिलं. तिनं मोबाईलवर ते गाणं लावलं आणि सुरू झाल्याची खूण म्हणून हात खाली केला. त्यानं डोळे मिटून डोक्यातलं गाणं लावलं. खोकला आला की दोघांनी बोट वर करायचं, असं ठरलं होतं. तो काउंटरवर अंगठ्यानं ताल धरून होता. मधे एका जागी त्याचे ओठ हलले. तेच शब्द तोवर मोबाईलवर येऊन गेलेले होते.

खोकला आला. यशोधरानं बोट वर केलं. गाणं संपलं, दुकान शांत झालं, तरी त्याचा अंगठा चालूच होता. मग त्याचं बोट वर झालं.

त्यानं डोळे उघडले, तिचं वर असलेलं बोट बघितलं.

"मागं पडलो का?" त्यानं विचारलं.

यशोधरानं मान हलवून नाही म्हटलं, आणि ते गाणं पुन्हा लावलं.