आधी कोण बोललं

गुरुवारची सकाळ होती. पेर्ल शनिवारच्या पवित्र शब्बाथच्या पावासाठी कणीक मळत होती आणि समोर बसलेली गित्ल खसखस कुटत होती. गित्लचा नवरा फाल्क नऊ वर्षांपूर्वी टिसा नदीच्या पुरात तराफ्यावरून पडला. प्रेत गावात आले नाही, म्हणून यहुदी धर्मशास्त्राच्या लेखी तो मेलाच नव्हता. चोविसाव्या वर्षी गित्ल धड विधवा झाली नाही, धड सवाष्ण राहिली नाही. काचा बसवणारा विधुर शिमोन तिच्यासाठी सात वर्षे थांबला, शेवटी थकून त्याने दुसरीकडे लग्न केले. दोष कुणाचा, असे विचारले की सारे गाव आकाशाकडे बोट दाखवी. आकाशाने बिचाऱ्याने काही लिहिले नव्हते. गित्लला पुन्हा लग्न करता येणार नाही, हा निकाल लिहिला होता पेर्लच्या नवऱ्याने, रब्बी मेनाखेम यांनी, आणि त्या निकालाच्या प्रकरणामुळेच त्यांचा ग्रंथ हंगेरीभर गाजला होता.

आज त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफे आली होती. बाहेरच्या खोलीत रब्बी ते प्रकरण समाजाचे प्रमुख योसेल कॉर्न यांना समजावून सांगत होते.

"खरी मेख इथंच आहे. परधर्मीय माणूस आपणहून बोलून गेला तर त्याची साक्ष चालते. आपण विचारल्यावर बोलला तर ती बाद. तो तराफेवाला गेर्गेय माझ्यासमोर आला. मी विचारलं, फाल्क दिसला का रे? म्हणाला, मी त्याला या हातांनी पुरलं. पण आधी मी विचारलं होतं ना! संपली साक्ष."

"वा! काय बारकाई!" योसेल म्हणाले.

पेर्लचे हात कणकेतच थांबले. नवऱ्याचे ग्रंथ तिने आयुष्यभर झटकले, पण त्यांतली पवित्र हिब्रू भाषा तिला कुणी शिकवली नव्हती. गित्लचे आयुष्य कशावर अडले ते तिला आज पहिल्यांदा कळले. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, गेर्गेय आधी माझ्याशी बोलला होता."

"काय?"

"मागच्या दारानं आला, नखशिखांत भिजलेला. मी त्याला पाणी दिलं. काही विचारलं नव्हतं हो मी! आपणच म्हणाला, 'बाई, तुमचा पुलाजवळचा फाल्क वाळूवर सापडला. चेहरा जसाच्या तसा होता. लगेच पुरलं त्याला.' मग मी त्याला तुमच्याकडे धाडलं."

रब्बींच्या हातातला कागद खाली आला. "तू हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. आत जा म्हणालात, इथं शास्त्राचं काम चाललंय."

"स्वयंपाकघरातल्या गप्पा या," योसेल हसले.

"या बाबतीत बाईची साक्ष चालते, योसेल," रब्बी हळूच म्हणाले.

"चालत असेल. पण रब्बीच चुकलो म्हणाले, तर उद्या तुमचा निकाल मानणार कोण? होऊ द्या छापून. गित्लचं म्हणाल, तर तिला आता सवय झालीय."

"सवय?" पेर्लचा आवाज चढला. "मग तुमच्या लेकीला लावा ही सवय! आपल्यात रिवाज आहे ना, अन्याय झालेल्यानं पोथीचं वाचन अडवायचं? शनिवारी प्रार्थनागृहात बायकांच्या सज्जातून मी अडवते. बघू कोण वाचतं!"

"रब्बी, आवरा हिला!"

"इतकी वर्षं आवरलंच की," रब्बी म्हणाले. त्यांनी प्रुफे गुंडाळली. योसेल पाय आपटत निघून गेले.

शनिवारी सज्जात पेर्ल कंबर कसून उभीच होती. पण पोथी उघडताच खुद्द रब्बींनीच तिच्यावर हात ठेवला.

"वाचन अडवायचा हक्क अन्याय झालेल्याचा. आज अन्याय करणारा अडवतोय. माझ्या ग्रंथातलं गित्लचं प्रकरण चूक आहे. प्रश्न मी घाईनं विचारला, आणि जिनं आधी ऐकलं तिला न ऐकताच आत धाडलं. बायकोची साक्ष नवऱ्यानं तोलू नये, म्हणून शेजारच्या गावांचे तीन रब्बी बोलावलेत. माझी चूक मात्र मीच छापणार."

"पद जाईल तुमचं!" योसेल ओरडले.

"जाऊ द्या. निवाड्याआधी इथं पोथी वाचायची असेल, तर आधी मला बाहेर काढा."

चार-पाच जण उठून निघून गेले. रब्बींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

दहा दिवसांनी तिघांनी पेर्लची साक्ष मान्य केली आणि गित्ल मोकळी झाली. रब्बींनी तिला बोलावून स्वतः निकाल वाचून दाखवला. ती रडली नाही, तिने आभारही मानले नाहीत.

"माझी नऊ वर्षं कुठल्या पानावर लिहिणार?" तिने विचारले.

रब्बींनी तो प्रश्न प्रुफाच्या शेवटी जसाच्या तसा लिहून घेतला. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या प्रकरणाचे पहिले वाक्य होते, "मी चुकलो." शेवटचे वाक्य गित्लचे होते, तिच्या नावासह. त्याखाली रब्बींनी अर्धे पान कोरे सोडले होते. छपाईआधी छापखानेवाल्याने विचारले होते, इथे काही राहिले का? रब्बींनी कळवले, "उत्तर राहिलंय. ते माझ्यापाशी नाही. वाचणाऱ्यापाशी असेल तर त्यानं लिहावं."