चाळलेलं ते चाळलेलं

मुकादमाच्या पदरात पडणार होतं ते असं: दोन खोल्यांचं घर, दारात नळ, आणि दोन खोल्यांच्या मधे एक दार. त्याचा जीव नळात नव्हता, दारात होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्याचा संसार एकाच खोलीत होता, आणि त्या खोलीत बायकोचा धाकटा भाऊही घोरत असे.

अट खाणीच्या मॅनेजरनं घातली होती. रेल्वेला इंजिनांसाठी मोठा कोळसा हवा होता. हंगामभर ठरलेल्या सगळ्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, वेळेत भरून गाडीला जोडल्या गेल्या, की कोपऱ्यावरचं रिकामं घर मुकादमाचं.

खाणीतला कोळसा चाळणघराच्या वरच्या मजल्यावर ओतला जाई आणि हलत्या चाळण्यांवरून धडधडत खाली येई. पहिल्या चाळणीतून भुकटी आणि चुरा गळे, तो वीटभट्ट्यांना जाई. दुसरीतून मुठीएवढा गळे, तो कारखान्यांना. डोक्याएवढा वरच राही. तो फिरत्या पट्ट्यावर येई, तिथं दोन्ही बाजूंना उभ्या बायका त्यातले दगड वेचून फेकत. पट्ट्यावर सगळ्यात पुढं मुकादमाची बायको उभी असे. पट्टा संपला की लोखंडी पन्हळ, आणि पन्हळीखाली रुळांवर वाघीण.

पन्हळीवर मेहुणा होता. साखळी सैल करून तो पन्हळीचं तोंड वाघिणीच्या तळाला टेकवायचा, कोळसा हळूच घसरू द्यायचा, ढीग चढेल तशी साखळी थोडीथोडी ओढायचा. दोन ओढींच्या मधे भलीमोठी जांभई द्यायचा.

"अरे, वाघीण भरतोयस की बाळ निजवतोयस?" मुकादम खालून ओरडे.

"बाळ पडलं तर रडून गप्प तरी होतं, भावोजी. हा कोळसा फुटला की फुटला."

हे खरं होतं, पण सांगणारा चुकीचा होता. घरी ताट वाढल्यावर ज्याला तीन हाका माराव्या लागतात, तो कामावर सावकाश आहे म्हणजे आळशीच आहे, हा हिशेब मुकादमानं केव्हाच मांडून ठेवला होता.

"अहो, तो घरी आळशी आहे, इथं नाही," बायको म्हणाली.

"माणूस एकच ना?"

"तुम्हीही एकच. इथं एवढं ओरडता, घरी कुठं आवाज निघतो?"

सगळा पट्टा हसला. मुकादमही हसला, पण मेहुण्याचं काय करायचं ते त्यानं त्याच हसण्यात ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चाळण्यांना तेल घालणारा माणूस पन्हळीवर आला आणि मेहुणा बहिणीशेजारी दगड वेचायला. तेलवाल्याला मुकादमानं एकच गोष्ट शिकवली. "पन्हळ वरच बांधून टाक. ही उतरवा-चढवीची नाटकं बंद."

वाघिणी भराभर भरू लागल्या. कोळसा उंचावरून थेट तळावर आदळत होता.

"ताई, आवाज ऐकतेयस का?" मेहुणा म्हणाला.

"तू दगड बघ."

ऐकत ती होतीच. जेवणाच्या सुटीत तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, तळाशी चुरा होतोय."

"कसा होईल? चुरा वर चाळणीतून गळून गेला ना? वाघिणीत कुठून येणार?"

चाळणघरात आयुष्य काढलेल्या माणसाची ही ठाम समजूत होती: चाळलेलं ते चाळलेलं. कोळशाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं मात्र पुढं वाद घातला नाही. आदल्याच दिवशी ती कोपऱ्यावरच्या घरात चूल कुठं मांडायची ते बघून आली होती.

रेल्वेचा तपासनीस रोज शिडीवर चढे आणि वाघिणीत डोकावे. वर शेवटी पडलेला कोळसा असे. तो फारसा उंचावरून पडलेला नसे, त्यामुळे अखंड आणि देखणा दिसे. तपासनीस खूण करून उतरे, गाडी वेळेआधी सुटे. मॅनेजरनं मुकादमाच्या पाठीवर थाप मारली, आणि मुकादम रिकाम्या घरात जाऊन मधलं दार चारदोन वेळा उघडून लावून आला.

मग इंजिनांच्या शेडमध्ये वाघिणी तळापर्यंत उपसल्या गेल्या. खाली निम्मा चुरा. चुऱ्यानं इंजिनाच्या भट्टीतली हवा कोंडते आणि वाफ धरत नाही. उतारूंनी भरलेली एक गाडी चढावर मधेच बसली, आणि त्यांना सामान डोक्यावर घेऊन पुढच्या स्टेशनपर्यंत चालावं लागलं. उरलेल्या वाघिणी तशाच परत आल्या.

मॅनेजर पट्ट्यापाशी आला. एरवी तो इथं फिरकत नसे. पन्हळ म्हणजे मेहुणा, एवढंच त्याला ठाऊक.

"तूच ना रे पन्हळीवर? इतक्या उंचावरून कोळसा सोडलास? आजपासून घरी बस."

मेहुण्यानं भावोजींकडं पाहिलं. भावोजींनी चाळणीकडं पाहिलं. तेलवाला तेलाच्या डब्याचं झाकण पुसत राहिला. मुकादमाला काही बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहिलं की मेहुणा कामावरून जाणार, काम नाही म्हणून खोलीतूनही गावी जाणार, आणि घर शाबूत.

बायकोनं हातातला दगड फेकला. "साहेब, हा नव्हता. तेलवाला होता. आणि पन्हळ वर बांधायला ह्यांनी सांगितलं. मला कळत होतं, मीही गप्प बसले."

मॅनेजर तिघांकडं आळीपाळीनं बघून निघून गेला. पट्टा फिरतच होता.

"ताई, दोन खोल्या घालवल्यास," मेहुणा हळूच म्हणाला.

"जास्त बोलू नकोस. जा, पन्हळ खाली घे."

आता कुणी किती भरलं ते. रेल्वेनं वाघिणींचं जाण्यायेण्याचं भाडं खाणीच्या कंपनीकडून घेतलं. कंपनीनं ते चुऱ्याच्या भावावर चढवलं, भट्टीवाल्यांनी विटांवर. घर वजनकाट्यावरच्या कारकुनाला मिळालं, त्यानं या सगळ्यात काहीही केलं नव्हतं. मुकादम मुकादमच राहिला, त्याचं जे गेलं ते त्याच्याकडं कधी नव्हतंच. परत आलेला कोळसा पुन्हा चाळायचा, पुन्हा निवडायचा, म्हणून पट्ट्यावरच्या बायकांच्या सुट्या गेल्या. त्या दिवसांची मजुरी नाही, कारण यातले दगड एकदा निवडून झालेत, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं. म्हणजे भरलं ते पट्ट्यावरच्या बायकांनी, आणि त्यातल्या एकीनं दोनदा: सुट्याही गेल्या आणि चूल मांडायची जागाही.