एकशे चव्वेचाळीस भोकांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. प्लायवूडची, गुडघ्याएवढी उंच, आणि डोक्यावर बारा ओळींत बारा-बारा भोकं असलेली. भोकं पडलेली वस्तू लोक टाकून देतात. माझी भोकं मात्र मुद्दाम पाडलेली आहेत, आणि तीच माझी विद्या आहे. हे मी मान खाली घालून सांगत नाही, चांगली ताठ मानेनं सांगते.

मला घडवलं ते फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं. त्याच्या घरात त्याची थोरली बहीण आणि तिची मुलगी राहत असत. मुलगी त्याला मामा म्हणे, आणि तिचा आवाज इतका खणखणीत, की ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्याला मामाच म्हणू लागली. त्या आवाजामुळेच मामानं तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

मामाची अडचण साधी होती. जुन्या फ्रिजमधले अंड्यांचे कप्पे तुटत, आणि नवे कुठे मिळत नसत. "आपणच बनवू," मामा म्हणाला. एका बंद पडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर अजून धडधाकट होती. ती माझ्या पोटाला जोडली. एका ओव्हनची कॉइल काढून माझ्या डोक्यावर हातभर उंच टांगली. कडेनं रबराची पट्टी चिकटवली, म्हणजे हवा चोरवाटेनं आत शिरू नये. झाले मी तयार!

पहिल्याच दिवशी प्लास्टिकची शीट तापलेल्या कॉइलखाली जास्त वेळ राहिली आणि तिला तव्याएवढं भोक पडलं. घरभर धूर. मामाची बहीण, म्हणजे ताई, पदरानं वारा घालत आली.

"अरे, लोकांच्या वस्तू थंड करणारा माणूस तू, आणि स्वतःचं घर पेटवतोस?"

"ताई, शिकतोय ग."

"शीक, शीक. पण आधी खिडकी उघडायला शीक!"

शिकला तो. शीट चौकटीत चिमट्यांनी घट्ट आवळायची आणि कॉइलखाली धरायची. आधी ती हट्टी पोरासारखी ताठ राहते. मग अंग थरथरवते, आणि मग मधोमध पोट सोडते. पोट चार बोटं खाली आलं, की चौकट माझ्यावर ठेवलेल्या साच्यावर दाबायची आणि बटण सुरू करायचं. मी एका दमात सगळी हवा आत ओढते, आणि लेकरू आईला बिलगावं तशी शीट साच्याला बिलगते. देवानं मला फुंकर दिली नाही, नुसता श्वास आत घेणं दिलं. पण तेवढ्यातही कुणाचं भलं करता येतं, हे मी अनुभवानं सांगते.

मित्रांनो, हा झाला पूर्वरंग. आता मूळ कथेकडे वळू.

टिटवीचे डोळे सोळाव्या वर्षी एका तापात गेले. आवाज राहिला, हसणं राहिलं, पण दाराबाहेर पाऊल टाकायचं तर ताईचा हात लागे. टिटवी विशीत आली तेव्हा एकदा तिनं आईच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात फोन केला. पलीकडून कुणी धड उत्तर देईना. तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंनाच सुनावलं, "बाई, आजारी माणूस फोन करतो तो वाट बघायला नाही, धीर मिळायला करतो." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिलाच फोनवर बसायला बोलावलं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर दुसरी मुलगी ठरलेली होती.

ताई शिवणाच्या कारखान्यात सकाळी सातला जायची. मामा गिऱ्हाइकांकडे. टिटवीला रोज पोचवणार कोण?

"एकटी जाऊन दाखव," ताई म्हणाली. "एकदा सुखरूप जाऊन ये, मग मी अडवणार नाही. नाहीतर विषय बंद."

तेव्हा मामाला माझी आठवण झाली. घरापासून दवाखान्यापर्यंत सात वळणं होती. त्यांचा बोटांनी वाचायचा नकाशा करायचं त्यानं ठरवलं. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून रस्ते केले, चौकांना शर्टाची बटणं लावली, आणि त्यावर मी शीट ओढली.

टिटवीनं बोटं फिरवली. "मामा, रस्ते बोथट लागतात. या दोन गल्ल्या तर एकच वाटतात." मग तिनं शीट पालथी केली. "ही बाजू बघ कशी टोकदार आहे!"

खरंच होतं ते. शीटची जी बाजू साच्याला टेकते तीच रेखीव निघते. मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं लाकडी फळीवर नकाशा काढला, पटाशीनं रस्त्यांच्या खाचा कोरल्या आणि तळाशी हवेसाठी बारीक छिद्रं पाडली. मी शीट त्या खाचांत ओढून घेतली. शीट काढून पालथी केली, तर रस्ते वर उठलेले आणि सुरेख धारदार! मामानं माझ्या कडेवर थाप मारली. "शाबास ग माझी वाघीण!" मी सुद्धा फुगले. हवा आत ओढणारीनं फुगावं, म्हणजे बघा!

टिटवीनं चार दिवसांत नकाशा पाठ केला. पाचव्या दिवशी काठी घेऊन निघाली. मागे कुणी यायचं नाही, असं बजावून.

दीड तासानं तिला एक लाकूडवाला घरी घेऊन आला. काठीचे दोन तुकडे झाले होते. लाकडाच्या वखारीत मागे सरकत येणाऱ्या ट्रकखाली काठी सापडली होती. टिटवी वीतभर अंतरानं वाचली होती.

ताईनं टिटवीचे हात धुतले आणि म्हणाली, "झालं एवढं पुरे." मामानं माझ्यावर जुनी चादर टाकली आणि वर रंगाचे डबे रचले.

मित्रांनो, आठ दिवस मी तशी पडून होते. आपल्या अंगात खोट नाही हे ठाऊक असूनही गप्प बसावं लागणं, यासारखं दुःख नाही. भोकांत धूळ बसत होती, आणि वरच्या खोलीतून टिटवीचा आवाज येत नव्हता. धूळ मला सहन झाली. ती शांतता झाली नाही.

नवव्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. टिटवी नकाशा छातीशी धरून आली.

"मामा, ती वखार दवाखान्याच्या कुठल्या हाताला आहे?"

"ती कुठली दवाखान्याजवळ? पार दुसऱ्या टोकाला आहे. पहिल्या चौकात तू डावीकडे वळलीस ना, तिथून. वळायचं होतं उजवीकडे."

"पण नकाशात डावीकडेच आहे. मी चुकले नाही, मामा. नकाशानं सांगितलं तशीच चालले." तिनं शीट पालथी करून त्याच्या हातात दिली. "आता बोट लाव. या बाजूनं रस्ता उजवीकडे जातो. तू मला उलटं गाव दिलंस."

मामानं कोरलेली फळी पुढ्यात ओढली. फळीवर त्यानं नकाशा सुलटा कोरला होता. पण शीट पालथी केली की डावं उजवं होतं. पारदर्शक शीटमधून त्यानं तो फळीवर असतानाच पाहिला, आणि त्याला बरोबर वाटला.

"शिक्का बनवणारा सुद्धा अक्षरं उलटी कोरतो," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "आणि मी? टिटवे, माझ्यामुळे तू ट्रकखाली..."

"रडतोस काय? नवा कोर. परवा एक तारीख आहे."

शीट एकच उरली होती. मामानं नवी फळी घेतली आणि आरशात बघून नकाशा उलटा कोरला. माझं एकेक भोक सुईनं साफ केलं, कडेचं रबर पुसलं. ताई दाराशी उभी होती. ती नको म्हणाली नाही, पण हो सुद्धा म्हणाली नाही. शीट तापली, थरथरली. मी मात्र स्थिर होते. काम माझं होतं आणि ते मला येत होतं. बटण दाबलं गेलं, आणि मी आयुष्यातला सगळ्यांत खोल श्वास घेतला.

या वेळी मामानं नकाशा नुसता डोळ्यांनी पाहिला नाही. टिटवीला हाताशी धरून तो वाटेवर नेला. प्रत्येक वळणावर ती बोट ठेवी आणि "बरोबर" म्हणे. सात वळणं, सात वेळा बरोबर. ताई त्यांच्या मागून सगळी वाट चालली. परत आल्यावर म्हणाली, "उद्या डबा लवकर करते."

पहिल्या तारखेला टिटवी एकटी गेली. ताईनं कारखान्यात रजा टाकली होती. मामानं एक फ्रिज तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. घड्याळात साडेनऊ झाले आणि फोन वाजला.

मामानं कानाला लावला. पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला.

"नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. आपल्याला काय त्रास होतोय?"

ताईनं फोन ओढून घेतला. "काही त्रास नाही ग बाई," ती म्हणाली, "काहीच त्रास नाही," आणि भर सकाळी खुशाल रडली.

त्यानंतर माझ्यावर कितीतरी नकाशे निघाले. शाळांच्या जिन्यांचे, बाजारांचे, एका आजोबांच्या बागेचा सुद्धा. आता माझा रंग उडाला आहे आणि मोटर सुरू होताना खोकते. तरी मी कामाची आहे. म्हणून मित्रांनो, एवढं कराल? माझी भोकं साफ ठेवा आणि कडेचं रबर वाळू देऊ नका. आणि माझ्यावर जे काही बनवाल, ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात आधी द्या. त्यानं "बरोबर" म्हटलं, की मगच काम झालं म्हणा.