दार लावलं की मुकी

घड्याळजींनी चाळीस वर्षं घड्याळ कानाशी धरून त्याचा आजार ओळखला होता. डोळ्यांना भिंग लागलं तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं, पण कान म्हणजे त्यांची मिरवायची वस्तू. आणि महिनाभर तेच कान दगा देत होते. कुरिअरवाला दाराला चिठ्ठी अडकवून गेला. बहीण वीस मिनिटं बेल दाबून थकली आणि फणकाऱ्यानं परत गेली. ती अजून फोन उचलत नव्हती.

बेल बिघडली म्हणावं, तर घड्याळजी रोज सकाळी दार उघडून, बटण दाबून बघत. बेल ठणठणीत वाजे. मग उरले कानच. त्या धास्तीनं त्यांनी घड्याळ कानाशी धरणंसुद्धा सोडलं होतं.

लेकीनं निकाल देऊन टाकला होता. "बाबा, फोनवर तुम्हाला ऐकू येतं, कारण मी ओरडते. एकटं ठेवायला माझा जीव धजत नाही. रविवारी येते आणि घेऊन जाते."

लेक मायेची, पण तिच्या घरात घड्याळजींच्या कामाच्या टेबलाला जागा नव्हती. आठवडाभर त्यांनी दाराशी खुर्ची टाकून पहारा दिला, जेवलेही तिथंच. शेवटी रविवारी सकाळी गुपचूप वायरमनला बोलावलं. भोंग्यासारखी दणदणीत बेल बसवली, की लेकीच्या डोळ्यांत धूळ फेकता येईल, असा बेत होता.

दारावर टकटक झाली. घड्याळजींनी लगेच दार उघडलं.

"काका, तीनदा बेल दाबली मी," वायरमन म्हणाला.

घड्याळजींचा चेहरा पडला. "कानानं अधू झालोय. म्हणून तर मोठी बेल हवीय."

"बोटाची टकटक ऐकू आली आणि बेल नाही?" वायरमननं उघड्या दारातूनच बटण दाबलं. बेल खणखणीत वाजली. तो थोडा घुटमळला. "मी बाहेर जातो. तुम्ही दार लावून घ्या."

दार लागलं. सगळं शांत.

"दाबतोस ना?" घड्याळजींनी विचारलं.

"कधीचा दाबतोय," तो पलीकडून पुटपुटला, आणि घड्याळजींना ते पुटपुटणं शब्दन् शब्द ऐकू आलं. ते तिथंच खुर्चीवर बसले. एकटा माणूस बंद दाराच्या बाहेर आणि आत एकाच वेळी उभा कसा राहणार? महिनाभर त्यांनी बेल तपासली होती ती फक्त दार उघडं ठेवून.

वायरमननं बिजागरीजवळची वायर चिमटीत धरली. "बटण दारावर कुणी बसवलं? भिंतीवर असतं ते."

"मीच," घड्याळजी ओशाळून म्हणाले. "भिंतीला नवा रंग दिला होता. भोक पाडायला जीव होईना."

"मग दार हललं की वायर वाकणारच. आतली तार तुटलीय. दार उघडलं की वायर सैल पडते, टोकं जुळतात. लावलं की ताणते, टोकं सुटतात. कान शाबूत आहेत काका, तुमची कारागिरी बहिरी निघाली."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वायरमन नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडत असताना त्यांनी स्वतः त्याचं स्टूल धरलं.

दुपारी दाराजवळची खुर्ची उचलून ते आतल्या खोलीत टेबलाशी बसले आणि बायकोचं जुनं मनगटी घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक बारीक होती, पण एकही ठोका चुकत नव्हता.

बेल वाजली. ते जागचे हलले नाहीत. पुन्हा वाजली, तेव्हा उठले.

दारात लेक, हातात रिकामी बॅग. "बघा, पहिल्यांदा ऐकू आलं नाही ना?"

"आलं की. पण महिन्याभरानं ऐकत होतो, म्हटलं अजून एकदा वाजू दे," घड्याळजी म्हणाले. "ती बॅग बाहेरच ठेव आणि आत ये. मी बाहेरून दार ओढून बटण दाबतो, तूच आतून ऐक."