दादूनानांचे पेडवे

हाशिम सोलकरने खानावळीत मशीन बसवलं, कारण वीस वर्षं वाढप्याचं काम करणारा गंगाराम गावी निघून गेला आणि दुसरा मिळेना. मशीन माणसाएवढं उंच, समोर काच. काचेवर मासा दाबायचा, आत चिठ्ठी जाते, आतून ताट येतं. मिरकरवाड्यापासून मांडवीपर्यंत असं मशीन दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, आणि त्यामुळे हाशिमच्या चालण्यातही थोडा फरक पडला होता.

हा फरक दादू भाटकरांना, म्हणजे आमच्या नानांना, दिसला नाही. त्यांना जन्मापासून काहीच दिसत नसे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. बायको गेल्यापासून दुपारचं जेवण हाशिमकडे. गंगाराम टेबलाशी येऊन माशांची नावं घडाघडा म्हणायचा आणि नाना म्हणायचे, "पेडवे." पेडवा म्हणजे बोटाएवढा मासा, अर्धं मांस आणि अर्धे काटे. चव मात्र अशी, की सुरमईने मान खाली घालावी.

आता नाना मशीनसमोर उभे राहिले की रांगेतलं कोणीतरी पुढे व्हायचं. आमची माणसं तोंडाने फटकळ, पण आंधळा माणूस पाहिला की लोण्यासारखी विरघळतात, आणि घोळ होतो तो तिथेच.

"काय सांगू, नाना?"

"पेडवे."

"काटे असतात ओ त्याला. सुरमई सांगितली बघा." बोट तोवर काचेवर पडलेलं असे.

सात महिने नानांनी सुरमई खाल्ली. आठव्या महिन्यात एका बाईंनी पनीर दाबलं. त्या दिवशी नाना ताट तसंच ठेवून उठले आणि गल्ल्याशी आले.

"हाशिम, घरात बायकोने ठरवलं, कचेरीत साहेबांनी. मी आयुष्यात एकच गोष्ट ठरवीत होतो, दुपारचा मासा. ती तुझ्या काचेने नेली. उद्यापासून मी येत नाय."

हाशिमच्या ते जिव्हारी लागलं. खोटं कशाला बोला, लाजही वाटली. दुसऱ्याच दिवशी त्याने फ्लेक्सवाल्या निलेशला गाठलं. निलेशने आंधळ्यांची लिपी नेटवरून उतरवली आणि मशीनला ठिपक्यांचा लांबलचक स्टिकर चिकटवला. रिक्षा पाठवून नानांना बोलावण्यात आलं. नानांनी तळवा वरून खाली फिरवला, मग खालून वर.

"गुळगुळीत हाय," ते म्हणाले.

"एचडी प्रिंट हाय, नाना," निलेश अभिमानाने म्हणाला.

ठिपके हाताला लागावे लागतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दिसायला मात्र ते फारच छान होते.

नानांनी मग कंपनीचा नंबर मागितला. बत्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला 'थांबा, जोडतो' म्हणून थांबवून ठेवलं होतं. थांबण्यातलं त्यांना सगळं कळत होतं. बेचाळीस मिनिटं त्यांनी कंपनीची सनई ऐकली, तेव्हा कुठे माणूस भेटला. त्याने सांगितलं ते असं: मशीनच्या उजव्या अंगाला एक भोक आहे, त्यात हेडफोन लावायचा. खाली तीन बटणं आहेत, मागे, पुढे आणि हो. मशीन कानात माशांची नावं वाचतं, कशाच्या किती प्लेटी उरल्या तेही. ही सोय पहिल्या दिवसापासून आहे.

हाशिमने त्या भोकाकडे पाहिलं. त्यात तो दर शुक्रवारी अगरबत्ती खोचत असे.

"हे त्याच्यासाठी होय?" तो म्हणाला. राख टाचणीने उकरून काढायला तासभर गेला.

नानांनी हेडफोन कानाला लावला. रांगेतलं कोणी पुढे झालं नाही. टक, टक, टक. आत चिठ्ठी गेली, पेडवे. हाशिमने ते स्वतः तळले.

तिसऱ्या पेडव्याला नाना ठसकले. काटा. चार टेबलांवरून चार माणसं उठली, प्रत्येकाच्या हातात कोरड्या भाताचा गोळा. नानांनी हात वर करून त्यांना जागीच थांबवलं. आपल्या ताटातला भात आपण वळला, गिळला, डोळे पुसले आणि उरलेले पेडवे संपवले. मग हात धुऊन पुन्हा मशीनशी गेले. टक, टक, टक.

हाशिमने दुसरी चिठ्ठी वाचली, पुन्हा पेडवे. भलतंसलतं झालं म्हणजे? तो बाहेर आला आणि इतक्या मायेने बोलला, की आपण खोटं बोलतोय हे त्याचं त्यालाही जाणवलं नाही.

"पेडवे संपले, नाना. सुरमई देऊ?"

नानांनी हेडफोन काढला नाही. "मशीन सांगतंय अजून सहा प्लेटी हायत."

"मशीनला काय कळतंय, नाना!"

"काय नाय कळत," नाना म्हणाले. "माझी कीवसुद्धा येत नाय त्याला. म्हणून तर बरं हाय ते."

 हाशिम आत गेला आणि त्याने तवा पुन्हा तापत ठेवला.